स्लाइडची उघडी कड

बाबा,

शुक्रवारी दुपारी, माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्याच टेबलावर मला कळलं की ताईचा तो रिपोर्ट तुमच्यामुळे चुकला नव्हता. माझ्यामुळे चुकला होता. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, कारण लिहिलं की ते दुसऱ्याच कुणाबद्दल असल्यासारखं वाटतं. आता राहू देते. इतकी वर्षं साऱ्या गोतावळ्यात एकच गोष्ट फिरली, की दवाखान्यातल्या भाऊनं जिल्हाभराचं रक्त तपासलं अन् पोटच्या पोरीची सिकल त्याले दिसली नाई. मी तुमची बाजू घ्यायचे, भांडायचे, पण मनातून मीही म्हणायचे की त्या दिवशी बाबांचं लक्ष नव्हतं. ताई तर तुम्ही जाईपर्यंत तुमच्याशी धड बोलली नाही. आणि आता मला चामोर्शीला जाऊन तिला सांगायचं आहे, की बाई गं, तू चुकीच्या माणसाशी अबोला धरलास. कॉलेजात पोरांना दरडावत फिरणारी मी, काल स्टुलावरून उठता येईना. पोरींनी पाणी आणून दिलं, पंखा वाढवला, एक म्हणाली, "मॅडमची शुगर कमी झाली." म्हटलं, हो, तेच झालंय.

मी काय करते हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही होता तेव्हा मी नुसती शिकवत होते. आता चंद्रपूरच्या कॉलेजात मागच्या बाजूला मला एक खोली मिळाली आहे, पूर्वी तिथे मोडकी बाकं टाकून ठेवायचे. त्या खोलीत मी आणि माझ्या तीन विद्यार्थिनी थेंब वाळवतो. हसू नका. तुम्ही हमखास म्हणाला असता, "थेंब तर चंद्रपुरात आपोआप वाळते, त्याले प्रोफेसर कायले पाहिजे?" तर ऐका. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी बारीक थेंब काचेवर ठेवायचा. त्यात विरघळलेले रेणू असतात, मोकळे, कुणाचा कुणाशी संबंध नसलेले. पाणी उडायला लागलं की त्यांना जागा कमी पडते, गर्दी होते, आणि एका घडीला ते एकमेकांना धरून रांगा करतात, दोरे वळतात. थेंब भराभर आटला तर कडेला नुसता ढीग साचतो, त्यात काही शिस्त नसते. पण सावकाश आटू दिला, आजूबाजूला दमट हवा ठेवली, एक बाजू बंद केली आणि दुसरी जराशी मोकळी सोडली, तर रेणू आपण म्हणू तिथे, म्हणू त्या दिशेला उभे राहतात. आमची सगळी विद्या एवढीच, की पाण्याला किती वेगानं जाऊ द्यायचं आणि हवेला कुठून येऊ द्यायचं. एवढंसं हातात आलं की रेणूंची मांडणी हातात येते.

आणि ते रेणू कोणते, तर सिकलचं हिमोग्लोबिन. प्रकल्पाच्या अर्जात मी लिहिलं की आमच्या दोन जिल्ह्यांत हा आजार घराघरात आहे, म्हणून हे काम महत्त्वाचं. खोटं नाही ते. पण खरं कारण ताईचा पोरगा. तुम्हाला माहीतच आहे, पण लिहिते, लिहिलं की माझं डोकं जागेवर येतं. सिकलचं हिमोग्लोबिन हवेतला ऑक्सिजन धरून असेपर्यंत गरीब असतं. ऑक्सिजन गेला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून कडक दोरे होतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. मग ती बारीक नसांत अडकते आणि माणूस गुरासारखा ओरडतो. आम्ही ते दोरे थेंबात घडवतो आणि मोडतो. थेंब किती आटला की वळतात, किती हवा लागली की सुटतात, कोणतं औषध घातलं की उशिरा वळतात, हे एका टाचणीच्या टोकाएवढ्या रक्तात पाहता येतं. पाच वर्षं झाली या कामाला, बाबा. पाच वर्षं मी रोज हेच बघते आहे, की कड उघडी राहिली की दोरा सुटतो. रोज! आणि शुक्रवारपर्यंत मला तुमचं टेबल आठवलं नाही.

आठवलं नाही म्हणणंही खोटंच. ते टेबल मला पाठ आहे. अहेरीच्या अलीकडचा तो छोटा दवाखाना, मागच्या बाजूची तुमची खोली, खिडकीशी सूक्ष्मदर्शक आणि त्याच्यावर आईनं शिवलेली टोपी. दवाखान्यात सगळे तुम्हाला भाऊ म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. माणूस बाकावर बसायचा, तुम्ही त्याच्या बोटातून थेंब काढायचा, काचेवर घ्यायचा, त्यात ऑक्सिजन ओढून घेणारं ते औषधाचं पाणी घालायचा, वर पातळ काच ठेवायचा आणि मग ड्रॉवरमधून लाल नेलपॉलिशची बाटली काढून चारी कडा रंगवून बंद करायचा. आत बाहेरची हवा जाऊ नये आणि थेंब वाळू नये म्हणून. तासभर थांबायचं. पेशी वाकल्या तर सिकल, गोल राहिल्या तर सुटला. खेड्यातनं आलेल्या आज्या त्या लाल चौकटीकडं बघून हसायच्या. आणि आठवडी बाजारातली ती बांगडीवाली! मी तुमच्यासोबत असायचे. तुम्ही टोपलीतली सगळ्यात लाल बाटली उचलली की ती ओरडायची, "काऊन जी भाऊ, मांगच्या बाजारात तर नेली होती! वहिनीले नखं तरी किती हायेत?" आणि तुम्ही चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायचा, "तिले वीसच हायेत बाई. मले शंभराक लागते." सारा बाजार हसायचा. मी लाजून मरायचे.

एकदा मी तास व्हायच्या आत एक काच उचलून बघायला गेले होते. नववीत असेन. तुम्ही माझ्या अंगावर कधी आवाज चढवत नव्हता, पण त्या दिवशी टेबलावर अशी थाप मारली की बाहेरचा बाक रिकामा झाला. "कोनाच्या घरचा मानूस हाये तो! काच नोहे!" मी आठ दिवस त्या खोलीत पाय ठेवला नाही. आज मी पोरींवर ओरडते तेव्हा वाक्यं वेगळी असतात, पण थाप तुमचीच असते.

आता तो मे महिना. ज्याला मी कधी हात लावला नाही तो. तेंदूपत्त्याचे दिवस होते, गावंच्या गावं पहाटेच जंगलात गेलेली असायची आणि दवाखान्यात गर्दी नसायची. ताईला चामोर्शीकडच्या मास्तरांचं स्थळ आलं होतं, म्हणजे आपले भाऊजी. त्यांनी पहिल्याच भेटीत आपला नागपूरचा कागद समोर ठेवला होता, की मी अर्धा सिकल आहे, मला काही त्रास नाही, पण मुलगी साफ पाहिजे, दोघंही अर्धे असले तर लेकरं भोगतात. असं तोंडावर सांगणारा नवरा मुलगा त्या काळात कुठे होता? तुम्हाला ते फार आवडलं होतं. आणि ज्या दिवशी ताईचं रक्त तपासायचं ठरलं, त्याच दिवशी सायंकाळी माझ्या मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं. मी आदल्या दिवशी तुमच्या ड्रॉवरमधून बाटली काढली, हाताची दहा, पायाची दहा नखं रंगवली, वाळल्यावर आणखी एक हात दिला, आणि टोपण नुसतं टेकवून ठेवून दिलं. त्या उन्हात रात्रभर! सकाळी तुम्ही ताईचा थेंब घेतला, वर काच ठेवली, बाटली उघडली, तर कुंचला आत घट्ट चिकटलेला. तुम्ही बाटली हलवली, उजेडात धरली आणि म्हणाला, "सुकली वाटते." मी दारात उभी होते. मी दोन्ही हात ओढणीखाली घेतले. एवढंच केलं मी, हात ओढणीखाली घेतले. तुम्ही कपाटातून व्हॅसलीनची डबी काढली आणि त्यानं कडा बंद केल्या. तासाभरानं ताईच्या पेशी गोल होत्या. तुम्ही कागद लिहिला. पुढच्या महिन्यात लग्न झालं.

पोरगा आठ महिन्यांचा असताना त्याचे हात आणि पाय सुजले. ताईला वाटलं काही चावलं असेल. नागपूरला नेलं तेव्हा कागदावर सगळं आलं, पोरगा पूर्ण सिकल, भाऊजी अर्धे आणि ताई अर्धी. ती एसटीनं थेट आपल्या घरी आली होती, आठवतं? लेकरू कडेवर, कागद हातात. तिनं तो कागद तुमच्यासमोर पाटावर ठेवला आणि आत जाऊन आईजवळ बसली. एक शब्द नाही. लोक मात्र बोलायला आले. "भाऊ, तुमच्यानं असं कसं झालं जी?" आणि तुम्ही प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "झाली चूक माह्या हातून." ना उन्हाचं नाव, ना बाटलीचं. पंधरा दिवसांत तुम्ही डॉक्टरांना सांगून सूक्ष्मदर्शक सोडला आणि केसपेपरच्या खिडकीत जाऊन बसला. निवृत्त होईपर्यंत नाव, वय, गाव लिहीत राहिला. मी कॉलेजातून यायचे आणि तुमच्यावर चिडायचे, की चूक काय कोणाच्या हातून होत नाही? इतकं मनाला लावून घ्यायचं? तुम्ही म्हणायचा, "जेव, भाजी निवते." काय सोसलं असेल तुम्ही, आणि माझ्यासमोर! मी तुम्हाला माफ करत होते, बाबा. मी! लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

आणि शुक्रवारी काय झालं, तर काहीच नाही. एसी बंद पडला होता. आमच्याकडे कडा बंद करायला एक खास टेप असते, ती संपली होती. माझी सगळ्यात लहान विद्यार्थिनी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, हा नमुना अर्ध्या सिकलवाल्याचा आहे, वर लिहिलंय, पण वाकतच नाहीये. सगळ्या पेशी गोल. हा तर नॉर्मलच दिसतो." मी बघितलं. खरंच गोल. मी विचारलं कडा कशानं बंद केल्या. ती म्हणाली, "टेप नव्हती ना मॅडम, व्हॅसलीन लावलं. पण प्लेट गरम आहे, ते पघळून राह्यलं." मी काच तिरपी करून पाहिली. व्हॅसलीनचं तेल होऊन एका बाजूला ओघळलं होतं आणि दुसरी कड उघडी पडली होती. तिथून थेंब वाळत होता आणि वाळता वाळता हवा आत घेत होता. अर्ध्या सिकलच्या पेशी तर आधीच हट्टी, हवा पूर्ण गेल्याशिवाय वाकत नाहीत, जराशी मिळाली तरी सरळ होतात. मला ताईचं बोट दिसलं. मला माझे हात दिसले. मी इतक्या जोरात "नाही!" म्हटलं की पोरगी दचकून मागं सरली. बिचारीला वाटलं तिलाच ओरडले.

पण मी तुमची मुलगी आहे, एकदा पाहून गप्प बसणार नाही. पोरींना सांगितलं, त्याच रक्ताच्या आठ काचा करा. शेजारच्या खोलीतून टेप मागून आणली. चार टेपनं बंद केल्या, चार व्हॅसलीननं, आणि प्लेट मे महिन्याइतकी तापवली. तासभर मी खुर्ची धरून बसले. टेपच्या चारही काचांत पेशी वाकल्या. व्हॅसलीनच्या चारहींत गोल. पोरी खूश झाल्या, म्हणाल्या, "मॅडम, हे छापून येऊ शकतं." मी म्हटलं, घरी जा आता.

त्या बसल्या जागी मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट. ताईच्या रिपोर्टानंतरच्या बाजारातून तुम्ही दोन बाटल्या आणल्या होत्या. एक तुमची नेहमीची लाल आणि एक गुलाबी. गुलाबी माझ्या हातात ठेवून म्हणाला होता, "हे तुही, ते माही. गल्लत नाई व्हाची." आपल्या घरात नेलपॉलिश म्हणजे चैन. शाळा उघडल्यावर मी ती बाटली वर्गात सगळ्यांना दाखवली, की माझ्या बाबांनी आणली. सगळ्या जळल्या. इतकी वर्षं मी ती आठवण कौतुकानं सांगत आले, माझ्या नवऱ्याला, माझ्या मुलीला. म्हणजे तुम्हाला माहीत होतं! त्या सायंकाळी लग्नात माझी वीस नखं तुम्हाला दिसली होती. तुम्ही एका शब्दानं बोलला नाही आणि मला माझी वेगळी बाटली आणून दिली. मला त्या वेळी फोडून काढलं असतं तर बरं झालं असतं हो.

इथवर काल, शनिवारी लिहिलं. आज सकाळच्या एसटीनं चामोर्शीला जाऊन आले. तोंडहातही न धुता पुढचं लिहिते आहे.

धानाची कापणी चालू आहे तिकडं. भाऊजी शेतावर गेले होते, भाचा त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात. जाता जाता दुकानापाशी थांबले. गेल्या हिवाळ्यात दोनदा भरती झाला होता, जरा उतरलाय, पण जीभ शाबूत आहे. गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देतो कसा, "हे माही मावशी. माह्यासारख्याइच्या रक्ताचे थेंब वाळवते. अन् मी म्हंजे आमच्या आजोबाची चूक." नेहमीचा विनोद आहे त्याचा, मी नेहमी हसते. आज हसता येईना. तो म्हणाला, "मावशी, तब्येत बरी नाई का?" मी म्हटलं ऊन लागलं. तो म्हणाला, "कापनीच्या दिवसात?"

ताई ओसरीत सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. मी चहासुद्धा घेतला नाही. तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, बाटली, टोपण, ओढणी, व्हॅसलीन, आठ काचा, सगळं. रडले नाही, वर्गात शिकवते तसं सांगितलं, नाहीतर पार पडलं नसतं. ती सूप हलवत राहिली. खडा दिसला की उचलून बाजूला टाकत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "झालं सांगून?" म्हटलं, हो. "मंग आता माहं ऐक."

तिनं जे सांगितलं ते तुम्हाला माहीतच आहे, बाबा. तुम्हा दोघांनाच माहीत होतं. पण मी ते आज पहिल्यांदा ऐकलं आणि ऐकताना ओसरीचा खांब धरून बसले. ती म्हणाली, "तू लग्नाले जाचं म्हनून घरी पयाली. बाबानं मले आत बोलावलं. काच दाखवली. म्हने, कडा पघळल्या हायेत, हा रिपोर्ट मी मानत नाई. नागपूरले पाठवतो, पंधरा दिवस थांब." मी म्हटलं, मग? "मंग काय? याइच्या आत्यानं दुसरी पोरगी पाहून ठेवली होती. पंधरा दिवसात माहं लगन गेलंच असतं. मले हाच मानूस पाहिजे होता वो. मी बाबाच्या पाया पडली. म्हटलं, गोल दिसल्या ना? मंग गोल लिहा. ते नाईच म्हनत होते. मी तिथीच जमिनीवर बसली, म्हटलं, कागद घेतल्याबिगर उठत नाई." तिचं सूप तिथं पहिल्यांदा थांबलं. "लिहून देल्ला त्याईनं. पन माह्याकडून वचन घेतलं, का लगन झाल्यावर पयले नागपूरले जाजो, मंगच लेकराचा विचार. मी हो म्हटलं. अन् गेली नाई. भेव वाटे. आज जातो, उद्या जातो, करता करता हा पोटात आला."

मी विचारलं, मग तू बाबांशी अबोला कशाला धरलास? इतकी वर्षं? त्यांचा काय गुन्हा होता? माझा आवाज चढला होता. ती माझ्याहून मोठ्यानं बोलली. "मी धरला? मी कोनत्या तोंडानं बोलू त्याइच्याशी? मी कागद घेऊन आली ते खरं सांगाले आली होती, साऱ्याइसमोर, का चूक माही हाये. तर मी आईजवळून उठाच्या आधीच बाबानं शेजारच्याइले सांगून टाकलं, झाली चूक माह्या हातून! आता मी खरं सांगतलं तर मानूस खोटा पडते. नाई सांगतलं तर मी खोटी. त्याइच्या डोयाले डोया नाई देता आला मले, ते जाईपावतर नाई देता आला. तुमी सारे समजले मी रागात हाओ." मग तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडात घालून रडली, आवाज न करता. शेजारी कापणीची बाया-माणसं जेवायला बसली होती, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. डोळे पुसून ती म्हणाली की पोराला ती स्वतः सांगणार आहे, आणि भाऊजींनाही, कापणी झाली की. "तू नको सांगू. तू तिसरी. आता चवथा कोनी मधात नको." मी म्हटलं, बरं. तिनं मग मला जेवू घातलं, वांग्याची भाजी आणि भात, आणि जेवताना मी तिला सांगून बसले की मी बाबांना लिहायला घेतलंय, अर्धं झालंय. ती एकदम थांबली. म्हणाली, "खरंच? काय लिवलं? मलेही वाचाले देजो. आपन दोघी मिळून वाचू अन् वैनगंगेत सोडून देऊ." म्हटलं, देईन.

येताना एसटी वैनगंगेच्या पुलावरून आली. कंडक्टरनं तिकीट दोनदा विचारलं. मी तुमचाच विचार करत होते, असं लिहायला किती छान वाटलं असतं. त्या मे महिन्यात तुमच्या खोलीत एक मुलगी दारात हात लपवून उभी होती आणि दुसरी जमिनीवर बसली होती, आणि तुम्ही, सबंध आयुष्यात खोटा कागद न लिहिलेला माणूस, तुम्ही तो लिहिला. मग दोघींचं आपल्या अंगावर घेऊन खिडकीत जाऊन बसला. हे सगळं मला सुचायला हवं होतं. सुचलं, पण नंतर. पुलाच्या पार पलीकडे गेल्यावर.

आधी जे झालं ते आता लिहून टाकते. ताई पदर तोंडात घालून रडत होती, माझा हात तिच्या पाठीवर होता, आणि त्या वेळी माझ्या मनात तुम्ही नव्हता, ती नव्हती, दुकानातला तो पोरगा तर नव्हताच. मनात पहिलं हे आलं, की म्हणजे माझं एकटीचं नाही. तिचं जास्त आहे. शुक्रवारपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं आणि मला बरं वाटलं, बाबा. बहीण रडत होती आणि मला इतकं बरं वाटलं, की मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

ताईला मी सांगणार आहे, की ते पत्र राहूनच गेलं.